हैबती आरसेमहाल बघून आला

एका गावात एक भोळा माणूस होता. तसे त्या गावात सात-आठ होते, पण बाकीचे पंचायतीवर निवडून आले. राहिला हा एकटा. त्याचं नाव हैबती.

भोळा म्हणजे आळशी नव्हे हां. कामाला वाघ होता. त्याचा दोष एवढाच, की तो सांगितलेलं ऐकायचा. तुम्ही-आम्ही या कानानं ऐकतो आणि त्या कानानं सोडून देतो, म्हणून आपलं बरं चाललंय. हैबती सोडायचा नाही. एकदा सांगितलं की डोक्यात पक्कं. मग ते पुढं कुठं वापरेल, ते देव जाणे.

त्याची बायको सगुणा. तिच्याइतकी हुशार बाई त्या गावात नव्हती. तिच्या लग्नाच्या वेळी तिच्या आईनं, सरूबाईनं, चार ठिकाणी चौकशी केली होती. "मुलगा ऐकणारा आहे ना?" लोक म्हणाले, "आहे." खोटं कुणीच बोललं नव्हतं.

तर सगुणाला दिवस गेले आणि डोहाळे सुरू झाले. आधी चिंचा झाल्या, मग बोरं झाली, मग भाजलेली माती झाली. हैबतीनं सगळं पुरवलं. माती आण म्हटल्यावर त्यानं परसातली चूलच उचलून आणली, पण ते सोडा. सहाव्या महिन्यात सगुणा म्हणाली, "अहो, मला मालेपूरचा आरसेमहाल बघायचाय."

आता हा डोहाळा तिच्या मनात घातला होता सरूबाईनं. सरूबाई लेकीला भेटायला आली होती. जावई गोठ्यात गेलाय असं बघून तिनं आवाज खाली केला आणि म्हणाली, "सातव्या महिन्यात बाईनं डोळे भरून जे बघावं ना, पोर तसं निपजतं. तू तुझं तोंड बघ बाई. एकदा नव्हं, शंभरदा बघ. पोर तुझ्यावर जाऊ दे."

"का? ह्यांच्यात काय वाईट आहे? नाकीडोळी नीटस आहेत."

"नाकाचं कोण बोलतंय? डोकं म्हणते मी, डोकं."

सगुणाचा नवऱ्यावर जीव होता. खोटं कशाला बोला, फार होता. पण एका घराला एक पुरे, असं तिलाही मनातून वाटायचंच. आणि घरात आरसा होता हाताएवढा, त्याचाही कोपरा उडालेला. त्यात डोळा दिसला तर नाक दिसत नसे. गावात अख्खा आरसा एकच, तो न्हाव्याच्या दुकानात. तिथं बाईमाणूस कसं जाणार? मालेपूरच्या महालात मात्र म्हणे राजानं राणीसाठी एक दालनच आरशांचं केलेलं. मधोमध उभं राहिलं की पायापासून डोक्यापर्यंत शंभर ठिकाणी आपणच. सगुणाला वाटलं, तिथं एकदा उभी राहीन, पोटासकट स्वतःला अख्खी बघीन, आणि मग बाळंतपणाला माहेरी जाईन. डोहाळजेवण झालं की आई घेऊन जाणार होती. वेळ होता तो तेवढाच.

सरूबाईनं एक अट घातली. "रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा. पोटुशी बाई एकदाच एसटीत बसेल. आधी जावईबापूंनी जाऊन बघून यावं, महाल उघडा आहे का आणि आरसे आहेत का."

"बरं," हैबती म्हणाला. दर गुरुवारी मालेपूरचा बाजार असायचा, तो नाहीतरी जायचाच.

पहिल्या गुरुवारी हैबती महालापुढं जाऊन उभा राहिला. महाल अर्धा नवा होता आणि अर्धा जुना. सरकारच्या कुठल्याशा खात्यानं दुरुस्ती काढली होती. डावी बाजू पिवळ्या रंगानं रंगवून झालेली, खिडक्यांना नवी तावदानं, पायऱ्यांना बाथरूमला लावतात तशा फरश्या. उजव्या बाजूवर पिंपळ उगवलेला. मध्ये बांबूंची परांची. तिच्याखाली एक कुत्री आपल्या पिलांना पाजत होती, म्हणजे परांची उभी राहून बरेच दिवस झाले असावेत. दरवाजावर पाटी होती. 'काम चालू आहे. आत जाऊ नये.'

हैबतीनं पाटी वाचली. वाचता त्याला यायचं, तीच तर पंचाईत होती. तो बाहेर थांबला. पाटीखालून माणसं आत जात होती, शाळेची सहल गेली, एक नवरा-बायको दोन पोरं घेऊन गेली. थोड्या वेळानं सगळी बाहेर आली. तो नवरा म्हणत होता, "फुकट गेला दिवस. बघण्यासारखं काही नाही." बायको म्हणाली, "शेंगा मात्र चांगल्या होत्या." हैबती संध्याकाळी घरी आला.

"बघितला महाल?" सगुणानं विचारलं.

"बघितला की. बाहेरून. आत जाऊ नये अशी पाटी आहे."

"आणि बाकीचे लोक?"

"ते गेले आत. त्यांना वाचता येत नसणार."

सगुणानं कपाळावर हात मारला. "कपाळ माझं! अहो, पाटी काय बघत बसता? पाट्या लावायला असतात. चार लोक जातात तिकडं आपणही जावं, एवढं कळू नये?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. हसू नका, अजून काहीच झालेलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी हैबती पुन्हा दरवाजापाशी. पाटीकडं त्यानं पाठच केली. चार लोक येण्याची वाट बघत बसला. आधी दोघं आले, हे कमी पडले. मग सहा जण आले, हे जास्त झाले. मग एक जोडपं आलं, सोबत एक पोर आणि म्हातारा. हैबती उठला, पण म्हातारा ऊन लागतं म्हणून झाडाखालीच बसला आणि हैबतीही परत बसला. उन्हं तापली तेव्हा कुठं बरोबर चार लोक आले. डोक्याला फडकी बांधलेली, हातात घमेली. हैबती त्यांच्या मागोमाग निघाला.

ते मजूर होते. महालाच्या मागं चुन्याचा घाणा होता, बैल गोल फिरत होता, चुना मळला जात होता. मुकादमानं पाचवा माणूस बघितला आणि काही न विचारता त्याच्या डोक्यावर चुन्याचं घमेलं ठेवलं. हैबतीला वाटलं, महाल बघायची इथं अशी रीत असेल. देवाला जाताना नाही का आपण नारळ नेतो? त्यानं घमेलं नेलं, ओतलं, रिकामं परत आणलं. मुकादमानं पुन्हा भरून दिलं. संध्याकाळपर्यंत हैबती महालाच्या पाठीमागच्या भिंतीला चुना पुरवत होता. मुकादम खूश झाला. "उद्याही ये," म्हणाला.

घरी आला तो पांढराफटक. सगुणा दचकलीच.

"हे काय हो?"

"चार लोक गेले तिकडं गेलो. चार होते, मोजले मी."

"आणि आरसेमहाल?"

"तो भिंतीच्या पलीकडं असणार. भिंत चांगली आहे. मी हात लावून बघितली, निम्मी तर मीच केलीय."

सगुणाला हसू आलं आणि रडूही आलं. ती त्याच्या पाठीवरचा चुना पुसत म्हणाली, "अहो, कुणी डोक्यावर घमेलं ठेवलं तर घ्यायचं का? ठणकावून सांगायचं, मी कामाला नाही आलो, मी पाहुणा आहे!"

"पाहुणा आहे. बरं. ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या गुरुवारी दरवाजावर पिराजी होता. पिराजी म्हणजे महालाचा रखवालदार, पिकल्या मिशांचा, गरीब स्वभावाचा. हैबती सरळ त्याच्यापुढं गेला आणि ठणकावून म्हणाला, "मी पाहुणा आहे!"

पिराजी उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. जो तो तिकीट फाडून आत जायचा आणि शिव्या घालत बाहेर यायचा. "या की पाहुणं," तो म्हणाला. "बसा."

हैबती बसला. आता पाहुणा कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणा दारात चपला काढतो. पाय धुवायला पाणी आलं तर धुतो. चहा नको नको म्हणतो आणि घेतो. हैबतीनं सगळं यथासांग केलं. गावाकडं पाऊसपाणी कसं विचारलं, पिराजीच्या थोरल्याच्या सोयरिकीचं विचारलं. पिराजीनं शिदोरी सोडली, निम्मी भाकरी पुढं केली. पण पाहुणा कधी यजमानाच्या घरात आपण होऊन उठतो का? आतल्या खोल्या धुंडाळत फिरतो का? छे. शोभतं का ते? यजमान म्हणाला, 'चला, घर दाखवतो,' तरच उठायचं. हैबती ते ऐकायची वाट बघत राहिला. आणि पिराजी बघत राहिला हा पाहुणा केव्हा उठतो त्याची, कारण यजमानानंही पाहुण्याला ऊठ म्हणू नये.

लोक आत गेले, बाहेर आले. एक जाडा माणूस घाम पुसत म्हणाला, "अर्धं पडलंय म्हणून बघता येत नाही, अर्धं नवं आहे म्हणून बघवत नाही." त्याची बायको म्हणाली, "तरी बरं, शेंगा घेतल्या."

महाल बंद व्हायची घंटा झाली. पिराजी हात जोडून म्हणाला, "पुन्हा या."

"येतो की," हैबती म्हणाला, आणि घरी आला.

सगुणा दारातच उभी होती. आता तिला वाकून चपला घालता येत नव्हत्या, एवढं पोट आलं होतं. "आरसे आहेत का?"

"ते काही निघालं नाही बोलण्यात. पण माणसं फार चांगली आहेत. थोरल्याची सोयरीक जमलीय."

सगुणा मटकन खाली बसली. तिला खरंच रडू फुटलं. "अहो, पुढच्या आठवड्यानंतर आई मला घेऊन जाईल! एवढी एक गोष्ट मागितली तुमच्याकडं. पोर तुमचं नाही का?" मग डोळे पुसून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "नुसतं बसायचं नाही. आत जायचं. प्रत्येक खोलीत शिरायचं. झाकलेलं असेल ते उघडून बघायचं. समजलं?"

"समजलं," हैबती म्हणाला. "झाकलेलं उघडून बघायचं. एकही सोडणार नाही."

आणि सोडलं नाही! चौथ्या गुरुवारी हैबती आत शिरला ते थेट. पहिली खोली, पिवळी. भिंतीवर पाटी: 'येथे राजे भोजन करीत.' खोलीत काही नाही. कोपऱ्यात मजुरांचे डबे ठेवलेले, झाकलेले. हैबतीनं एकेक उघडून बघितला. पिठलं, पिठलं, वांगं, पिठलं. आरसा नव्हता. दुसरी खोली, पाटी: 'येथे राजे विश्रांती घेत.' तिथं मुकादम तोंडावर उपरणं टाकून विश्रांती घेत होता. हैबतीनं उपरणं उचललं.

"कोण रे?" मुकादम किंचाळला.

"काही नाही. तुम्हीच आहात," हैबती म्हणाला आणि उपरणं परत टाकलं.

तिसरी खोली जुन्या भागातली. तिथं एक भिंत अख्खी ओल्या गोणपाटांनी झाकलेली. एवढं मोठं झाकलेलं म्हणजे हाच आरसेमहाल, असं म्हणून हैबतीनं भराभरा सगळी गोणपाटं ओढून काढली. मागून बांगड्यांचा आवाज आला आणि एक बाई ओरडली, "अरे देवा! काय केलंस हे!"

ही बाई भिंतीवरची चित्रं नीट करायला शहरातून आली होती. डोळ्याला चष्मा, साडीवर चुन्याचे डाग. सगळे तिला चित्रेबाई म्हणायचे. "ओला चुना आहे तो! ऊन लागलं की तडकतो!" तिनं धावत गोणपाटं परत लावली, हैबतीही लावू लागला. "हे बघ बाबा, या महालात जे झाकलेलं आहे ना, ते झाकलेलंच राहू दे. उघडायचं नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

बाई मनाची चांगली होती. त्याचं उतरलेलं तोंड बघून म्हणाली, "ये, तुला काहीतरी बघण्यासारखं दाखवते. सकाळपासून कुणी बघितलंच नाही." शेजारच्या भिंतीवर नुसती सफेदी होती. बाईनं एक लहानसं पातं घेतलं आणि हलक्या हातानं खरवडायला लागली. सफेदी गेली, खाली निळी निघाली. निळी गेली, खाली पिवळी निघाली. ती गेली, आणि खालून एक हिरवा पोपट निघाला. डाळिंब खात होता. हैबतीनं तोंडात बोट घातलं.

"लोकांनी वरून थर चढवलेत," बाई म्हणाली. "थर घालवला की खालचं अस्सल निघतं. घाई नाही करायची, बस."

"थर घालवला की अस्सल निघतं," हैबती घोकत पुढं गेला.

शेवटी ते दालन आलंच. दारावर पाटी होती: 'आरसेमहाल.' आत चार भिंती, चारही कोऱ्या. आरसे दुरुस्तीला काढून नेले होते, कुठं नेले ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. मधोमध एका लाकडी चौकटीला फोटो ठोकलेला, आरसेमहाल पूर्वी कसा दिसे त्याचा. काळापांढरा. लोक येत होते, फोटो बघत होते, कोऱ्या भिंती बघत होते, एकमेकांची तोंडं बघत होते आणि जात होते. कोपऱ्यात काहीतरी उंच, माणसाएवढं, गोणपाटानं झाकून ठेवलेलं होतं. हैबतीचा हात पुढं गेला. मग त्याला बाईचं आठवलं. त्यानं हात मागं घेतला, आणि एक माणूस ते उघडून बघायला लागला तर त्यालाही बजावलं, "उघडू नका हो, तडकतं!"

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं, पिठल्यापासून पोपटापर्यंत. सगुणा ऐकत होती. आरसे नेले म्हटल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. मग कोपऱ्यातलं उंच, झाकलेलं ऐकलं आणि ती ताठ बसली.

"केवढं उंच?"

"माझ्याएवढं."

"आणि रुंद? पातळ? लाकडाच्या चौकटीत?"

"व्हय."

"अहो, मग आरसाच आहे तो! एक राहिलाय! शंभर नसू देत, एक राहिलाय!" तिनं त्याच्या गालावरून हात फिरवले. लग्न झाल्यापासून हैबतीनं केलेली ही पहिली कामाची गोष्ट होती, तीही चुकून.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पिराजीला निरोप गेला. संध्याकाळी उत्तर आलं: होय, तो राणीच्या शृंगाराचा आरसा आहे, जड म्हणून नेला नाही, पाहुण्यांच्या घरच्या बाईसाठी मी उघडून दाखवीन, सकाळी या.

डोहाळजेवण झालं. सगुणाला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला, वेणीत आणि दंडावर फुलांचे दागिने घातले. बायका म्हणाल्या, "राणी दिसतेय गं!" सगुणा म्हणाली, "मला कुठं दिसतेय? उद्या बघीन." आणि दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून, पुन्हा ताजी फुलं माळून जायचं ठरलं. तिकडूनच आईबरोबर माहेरी.

हैबती पहाटेच्या गाडीनं पुढं जाणार होता. त्याला पाठवताना सगुणानं फार विचार केला. पाटी म्हणावं तर हा थांबतो, माणसं म्हणावं तर चुना वाहतो. शेवटी तिनं सोप्यातलं सोपं काम दिलं, चुकायला जागाच नको.

"कुणाशी बोलू नका. काही उघडू नका, पिराजीदादा उघडतील. तुम्ही फक्त आरसा साफ करा. कितीक वर्षांचा मळ असेल त्यावर. मागूनपुढून साफ करा. अगदी लख्ख. एक डाग राहता कामा नये."

"मागूनपुढून. बरं. ध्यानात ठेवतो."

पिराजीनं गोणपाट काढलं, आरसा खिडकीशी उभा केला. "पुसून घे तू. मी फाटकावर आहे," म्हणाला आणि गेला.

हैबतीनं पुढची बाजू धोतराच्या सोग्यानं पुसली. थोडीशी धूळ होती, गेली. आत त्याला हैबती दिसला. त्याकडं त्यानं फारसं लक्ष दिलं नाही, मुद्दा सगुणाचा होता. मग तो मागं गेला. मागच्या फळीला चार खिळे, ते त्यानं काढले, फळी बाजूला ठेवली. आणि बघतो तर काय! मागून आरसा निव्वळ तांबडा. हा एवढा थर चढलेला!

"लोकांनी थर चढवलेत," हैबती स्वतःशी म्हणाला. त्यानं कनवटीचं उलथनं काढलं. घरून निघताना आणलं होतं, कसल्या मळाला काय लागेल सांगता येत नाही. खाली बसला आणि हलक्या हातानं खरवडायला लागला. घाई मुळीच केली नाही. तांबडा थर गेला. खाली चकचकीत रुपेरी थर निघाला. एखादा दुसरा माणूस इथं थांबला असता. पण पोपटसुद्धा तिसऱ्या थराखाली होता, हे हैबतीला माहीत होतं. त्यानं रुपेरी थरही काढला, कोपऱ्याकोपऱ्यातून काढला, ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्या फडक्यानं पुसला. आणि आरसा असा स्वच्छ झाला, असा लख्ख झाला, की आरपार दिसायला लागलं. हैबतीचा ऊर भरून आला. त्यानं गोणपाट परत वरून टाकलं आणि चौकट धरून मागं उभा राहिला, सगुणा समोर उभी राहील तेव्हा आरसा हलायला नको म्हणून.

उन्हं वर आल्यावर सगुणा आली, सोबत सरूबाई, पुढं पिराजी. सगुणा दमली होती, पण तोंड फुललेलं. ती कोऱ्या भिंतींच्या मधोमध उभी राहिली. पदर सारखा केला, फुलं सारखी केली, दोन्ही हात पोटावर ठेवले.

सरूबाई म्हणाली, "डोळे मीट. पिराजीदादा, काढा ते गोणपाट. आणि सगुणे, डोळे उघडलेस की मग पापणी लववायची नाही. जे दिसेल ते डोळे भरून बघायचं. मनात म्हणायचं, पोर असंच होऊ दे."

पिराजीनं गोणपाट काढलं. सगुणानं डोळे उघडले. मोठ्ठे उघडले आणि मनात म्हणाली, पोर असंच होऊ दे.

समोर राणीच्या चौकटीत, पायापासून डोक्यापर्यंत अख्खा, नाकाला तांबडं लागलेला हैबती उभा होता. तिच्याकडं बघून हसत होता.

सगुणा बघतच राहिली. पापणी म्हणून लवेना.

"मीट गं!" सरूबाई किंचाळली. "मीट डोळे! अगं मीट!"

पण आता काय उपयोग? डोळे भरले होते.

"लख्ख दिसतंय का?" चौकटीतनं हैबतीनं विचारलं.

"दिसतंय," सगुणा म्हणाली.

"कुठं डाग राहिलाय का?"

"एक राहिलाय. टोपी घातलीय त्यानं."

हैबतीनं टोपी काढली, टोपीला थुंकी लावली आणि सगुणाच्या तोंडासमोरची काच घासू घासू पुसायला लागला. "आता?"

"आहे अजून."

तो आणखी जोरात पुसायला लागला. सगुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला इतकं वाईट वाटलं होतं, की खाली बसून हंबरडा फोडावा. आणि समोर तो जीव तोडून तिच्या तोंडावरचा डाग पुसत होता. तिला हसू फुटलं. पोट धरून हसली, भिंतीला टेकून हसली. पिराजी घाबरला, इथंच बाळंत होते की काय म्हणून खाट आणायला धावला.

हैबती काचेमागून आनंदानं बायकोकडं बघत होता. "म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. "थर घालवला की खालचं अस्सल निघतं!"

पुढं खात्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी चौकट बघितली, काच बघितली, कुठं डाग नाही हे बघितलं आणि शेजारी पाटी लावायला सांगितली: 'राणीचा मूळ आरसा. जीर्णोद्धार पूर्ण.' अख्ख्या महालात पूर्ण झालेली तेवढी एकच वस्तू आहे. लोक इकडून तिकडं बघतात, तिकडचे इकडं बघतात, आणि बाहेर येऊन शेंगा घेतात.

सगुणाला मुलगी झाली. नाक सगुणाचं, डोळे सगुणाचे, रंगही तिचाच. सरूबाईनं देवापुढं साखर ठेवली. "वाचलो," म्हणाली. पोर चालायला लागली, बोलायला लागली. चुरुचुरु बोलायची. सगुणाच्या जिवातही जीव आला.

एका संध्याकाळी भाकऱ्या झाल्या. सगुणा म्हणाली, "जा गं, बाबाला हाक मार. ताट वाढलंय."

पोर तुरुतुरु अंगणात गेली. "बाबा!"

"ओ!" हैबती म्हणाला.

पोर परत आली आणि पाटावर बसली.

"बाबा कुठाय?"

"अंगणात."

"अगं, हाक मारलीस ना?"

"मारली की. त्यानं ओ दिली."

सगुणानं दाराबाहेर डोकावून बघितलं. हैबती अंगणात उभा होता. पुढं कुणी काही सांगतंय का, याची वाट बघत.